भातात उभा चमचा

बाळा शिवगण आणि क्वॉनसाहेब यांची पहिली भेट झाली तेव्हा कुवेतचा सूर्य आपल्या जागी सव्वा मिनिट थांबला होता, असं कमाल ड्रायव्हर सांगतो. सूर्य तर सूर्य, साइटवरच्या तिन्ही क्रेन थांबल्या, काँक्रीटचा मिक्सर उलटा फिरला, लांबवर तेलविहिरीवर जळणारी ज्वाला वाकून बघू लागली आणि कुंपणापलीकडे सिमेंटची पिशवी चघळत असलेल्या उंटाने तोंडातला घास गिळायचा थांबवला. कमालच्या सांगण्यातून निम्मं वजा करायची कॅम्पात पद्धत होती. पण या बाबतीत उरलेलं निम्मंही काही कमी नव्हतं.

साल १९९५, महिना जूनचा. अहमदीच्या पुढे वाळवंटात एका कोरियन कंपनीने रिफायनरी वाढवायचं काम घेतलं होतं. त्या सकाळी एकशे ऐंशी नव्या कामगारांना पिवळी हेल्मेटं वाटली जात होती आणि वाटत होते खुद्द क्वॉनसाहेब. त्यांना सगळे ‘सोजांग’ म्हणत. सोजांग म्हणजे साइटचा सर्वांत मोठा साहेब. कोरियन कंपनीत देव, बाप आणि फौजदार ही तिन्ही खाती त्याच्याकडेच असतात. वय बावन्न, मान आखूड, आवाज लांब, आणि चेहरा असा की हसला तरी वाटावं, कुणाला तरी कामावरून काढलं.

एकशे एकोणऐंशी माणसांनी बाजारात भोपळा उचलावा तशी एका हाताने हेल्मेटं उचलली. शेवटचा नंबर बाळाचा. गुहागर तालुक्यातला शटरिंगचा सुतार, वय एकतीस, उंची साहेबांच्या खांद्याला लागेल एवढी, कान मात्र दोन माणसांना पुरतील असे. आदल्या संध्याकाळीच विमानातून उतरलेला. बाळाच्या वडिलांनी त्याला लहानपणी एक सवय लावली होती : मोठ्या माणसाकडून काही घ्यायचं तर ते देवळातल्या तीर्थासारखं घ्यायचं. त्याप्रमाणे बाळाने उजवा हात पुढे केला, डावा त्याच्या खाली धरला, मान लववली, हेल्मेट घेतलं, कपाळाला लावलं आणि मग डोक्यावर चढवलं.

इथे तो सूर्य वगैरे थांबला.

बाळाला काय माहीत, की वडीलधाऱ्यांसमोर कोरियन माणूस नेमका असाच हात पुढे करतो? क्वॉनसाहेब सहा वर्षं वाळवंटात एका हाताने घेणाऱ्या जगात राहत होते. त्यांचे डोळे भरून आले. (हे कमालच्या सांगण्यातून वजा करून उरलेल्या निम्म्यातलं.)

“हे तुला कुणी शिकवलं?” साहेबांनी विचारलं. दुभाषी अर्थात कमाल परकार. हा दापोलीकडचा. आधी आठ वर्षं सौदीत कोरियनांच्या गाड्या चालवून त्यांची भाषा आणि त्यांच्या शिव्या दोन्ही शिकून आलेला.

“आमच्या आबांनी,” बाळा म्हणाला.

“वय काय?”

“एकतीस.”

कमाल साहेबांशी बोलून वळला. “साहेब म्हणतात, बत्तीस. त्यांच्यात आईच्या पोटातलं वर्षपण धरतात.”

“अरे मेल्या, त्यांना सांग कुणाला बोलू नका!” बाळा घाबरला. “माजं लगीन व्हायचंय अजून!”

हेच बाळाचं सगळं प्रकरण होतं. निघायच्या पंधरा दिवस आधी त्याचा साखरपुडा झाला होता. मुलगी शेजारच्या गावची, द्वारका भुवड. नोकरीच्या करारात लिहिलं होतं की बारा महिने भरले की तीस दिवसांची रजा. त्या हिशोबाने लग्न पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ठरलं. बाळाला कुवेतकडून एवढीच अपेक्षा होती : बारा महिने, मग तीस दिवस, त्यात द्वारका. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, तिजोरी सोजांगच्या केबिनमध्ये, आणि सोजांग बाळाच्या प्रेमात. माणूस यापेक्षा जास्त कसा अडकतो ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला कोरियन मेसमध्ये जेवायला बोलावलं. सातव्या दिवशी त्याची जागा ठरली : साहेबांच्या उजव्या हाताला. महिन्याभरात भारतीय मेसच्या आचाऱ्याने त्याचं नाव यादीतून खोडलं. “तू काय बाबा, साहेबाच्या पंगतीचा,” तो म्हणाला, आणि बाळाची बांगड्याची तुकडी दुसऱ्याला दिली. पुढे बाळाचा पलंगही हलला. आठ जणांच्या खोलीतून तो कोरियनांच्या रांगेतल्या एका एसी केबिनमध्ये आला, जिथे त्याच्याशी बोलायला फक्त एसी होता.

गावात लोक समजत होते की बाळा कुवेतला आहे. प्रत्यक्षात तो कोरियात राहत होता. कुवेत कुंपणाच्या बाहेर होतं आणि ते त्याला गाडीच्या काचेतून दिसायचं.

कोरियात सकाळ साडेपाचला होते. खांबावरचा कर्णा गाऊ लागतो आणि सगळी साइट रांगेत उभी राहून हातपाय झाडते. बाळा पहिल्या रांगेत, सोजांगच्या मागे. साहेब जेवढे वाकतील तेवढं त्याला वाकावं लागे, आणि साहेब बावन्नाव्या वर्षी चवड्यांना हात लावत. मग दिवसभर ‘पल्ली पल्ली’, म्हणजे लवकर लवकर. हे दोन शब्द साइटवर बंगाल्यापासून मिसऱ्यापर्यंत प्रत्येकाला येत. कामाची शेवटची घंटा होईपर्यंत सगळं लवकर, आणि नंतर जेवण मात्र दीड तास.

आता ते जेवण. बुटकं टेबल, खाली मांडी. सोजांग चमचा उचलेपर्यंत कुणी उचलायचा नाही आणि सोजांग उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. बाळाच्या पायांना मुंग्या यायच्या, मुंग्यांना झोप लागायची, पण साहेब बसलेलेच. समोर भात आणि भाताच्या भोवती बावीस वाट्या. बाविसांपैकी नऊ वाट्यांत कोबी. लाल कोबी, पांढरा कोबी, आंबलेला कोबी, फार आंबलेला कोबी आणि ज्याच्याबद्दल कमालसुद्धा “तू फक्त श्वास रोखून गीळ” म्हणायचा तो कोबी. बाळाची वाटी रिकामी दिसली की साहेब स्वतः ती भरत. बाळा दोन्ही हातांनी ती घेत असे. त्यामुळे साहेब आणखी खूश होत आणि आणखी भरत. असा हा व्यवहार एकदा सुरू झाला की थांबवायचा कसा हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कमाल दुभाषी म्हणून कोपऱ्यात बसे, आपलं उकडलेलं अंडं सोलत, आणि मनापासून मजा बघे.

शुक्रवारी सुट्टी. सगळा फरवानियाचा बाजार, मनीऑर्डरीच्या रांगा, गावच्या बातम्या, मित्रांच्या खोलीतलं मासळीचं कालवण, हे सगळं शुक्रवारीच असतं. बाळाचा शुक्रवार साहेबांचा होता. कोरियन माणसाला सुट्टीच्या दिवशी डोंगर चढल्याशिवाय करमत नाही. कुवेतमध्ये डोंगर नाही. ही अडचण साहेबांनी जहराच्या पलीकडची एक टेकाडासारखी टेकडी पक्की करून सोडवली होती. गुहागर तालुक्यात एवढ्या उंचवट्यावर म्हशी दुपारच्या झोपेत चढतात. पण साहेब निघायचे ते पायांत जाडे बूट, हातात टोकदार काठी, चौदा खिशांचं जाकीट, कमरेला दोर, आणि बाळाच्या पाठीवर दहा किलोची पिशवी. टेकडीच्या अलीकडे लढाईतल्या सुरुंगांची पाटी होती, त्यावर लाल कवटी. “पाटीच्या डावीकडून,” कमाल दर वेळी सांगायचा, “उजवीकडून गेलास तर रजेचा अर्ज करायची गरज उरणार नाय.”

अकरा मिनिटांत माथा यायचा. वर गेल्यावर साहेब दोन्ही हात तोंडाशी नेऊन मोठी हाक घालत. कोरियात अशी हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत येते म्हणे. इथे समोर काही नव्हतं. हाक जायची ती जायचीच. मग साहेब बाळाकडे बघत आणि बाळालाही हाक घालावी लागे. पहिल्यांदा तो “ओऽऽ” म्हणाला. पुढे पुढे “द्वारकेऽऽ” म्हणू लागला. तीही परत आली नाही.

आणि एकाआड एक शुक्रवार वफ्र्याचा. तिथल्या एका शेतावर साहेबांनी काचेखाली कोरियन जातीचा कोबी लावून घेतला होता. तिथे जाऊन साहेब एकेका गड्ड्यासमोर उकिडवे बसत, पानं चाचपत आणि घरच्या पोरांची चौकशी करावी तसं काहीतरी पुटपुटत. बाळा मागे पाण्याची झारी घेऊन उभा. कमाल म्हणायचा, “बाळा, तुजं नशीब थोर. जगात एवढा मान फक्त तुला आणि कोबीला.”

मे १९९६ आला. बाळाने रजेचा अर्ज लिहिला, कमालने इंग्रजीत उतरवला, साहेबांनी वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मेमध्ये मोठा स्लॅब होता. बाळाशिवाय स्लॅब? साहेबांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. लग्न मार्गशीर्षात गेलं. मार्गशीर्ष आला तेव्हा कोबी तयार झाला होता. वर्षाची सगळी किमची, म्हणजे तो आंबवलेला कोबी, तेव्हाच घालायची असते, घरच्या माणसांनी एकत्र बसून. हातमोजे घालून बाळा चार दिवस साडेतीनशे गड्ड्यांच्या पानापानांत लाल तिखट भरत होता. डोळे पुसायला गेला तर हातमोज्यांनीच. तो रडतोय की झोंबतंय हे कुणाला कळलं नाही, आणि दोन्ही खरं होतं. लग्न पुन्हा वैशाखात गेलं. १९९७चा वैशाख आला तेव्हा रिफायनरीच्या मालकांकडची माणसं काम तपासायला येणार होती.

इकडे सासऱ्यांची पत्रं येत. होणारे सासरे गणपत भुवड हे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि एकतीस वर्षं खिडकीत बसून गाड्या सोडल्याने त्यांना दुसऱ्या भाषेत लिहिता येत नव्हतं. ‘चि. बाळा यांस आशीर्वाद. आपली नियोजित फेरी तिसऱ्यांदा रद्द झाल्याचे समजले. प्रवासी फलाटावर ताटकळत असून इतर गाड्यांचीही चौकशी होत आहे. पुढील सूचना त्वरित कळवावी.’

प्रवासी स्वतः एकदाच बोलली. गावातल्या टेलिफोनच्या दुकानातून, मागे सतरा माणसं ऐकत असताना.

“तुमी येताव की कोबी लावताव?” द्वारकाने विचारलं.

“अगो, साहेब सोडत नाय.”

“मारतो काय?”

“मारतो कसला! भरवतो!”

मागच्या सतरांत हशा झाला. “मग राव्हा तितंच,” द्वारका म्हणाली. “तुमचा फोटो हाय आमच्याकडं. हार घालू म्हन्ता तर घालते. लग्नाचा समजायचा की कसला, ते तुमी ठरवा.”

फोन कट झाला. बाळा त्या रात्री जेवला नाही असं म्हणता आलं असतं, पण तो साहेबांच्या उजव्या हाताला बसून बावीस वाट्या जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने कमालला गाठलं. “साहेब माझ्यावर नाराज व्हायला काय करावं लागंल?”

कमालने गाडी पुसायचं थांबवलं. हा प्रश्न त्याला आवडला. “चांगलाच नाराज?”

“म्हणजे म्हणायला पायजे, हा मानूस नजरेसमोर नको, ह्याला घाला विमानात.”

“एका हाताने चहा ओत. म्होठ्या माणसाला एका हाताने ओतणं म्हणजे तोंडावर थुंकणं.”

त्या संध्याकाळी बाळाने साहेबांच्या पेल्यात जवाचा चहा एका हाताने ओतला. दुसरा हात मुद्दाम मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा. टेबलावरचे सात कोरियन गार पडले. साहेबांनी पेला खाली ठेवला, बाळाचा मांडीवरचा हात उचलला, खांद्यापर्यंत चाचपला आणि कमालशी काहीतरी बोलले.

“काय म्हणतात?” बाळाने आशेने विचारलं.

“म्हणतात, पोराचा खांदा निखळलाय आणि हा सांगत नाय. उद्या फहाहिलच्या दवाखान्यात.”

दवाखान्यात एक्स-रे झाला. खांद्यावर साहेबांनी स्वतः चार कोरियन पट्ट्या चिकटवल्या, ज्या काढताना बाळाच्या अंगावरचे त्या भागातले सगळे केस कोरियाच्या मालकीचे झाले.

मग बाळाने दुसरा उपाय केला. साहेबांनी चमचा उचलण्याआधीच तो भातावर तुटून पडला. साहेब बघत राहिले, मग त्यांनी खानसाम्याला झापलं. माझा माणूस उपाशी राहतो आणि तुम्ही वाट्या मोजून देता? दुसऱ्या दिवसापासून बाळाचा भाताचा वाडगा दुप्पट मोठा झाला.

“आता शेवटचं सांगतो,” कमाल म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा गंभीर होता. “पण ते करू नकोस. चमचा भातात उभा खुपसून ठेवायचा नाय. ते मयताचं असतं त्यांच्यात. मेलेल्या माणसापुढे भात वाढतात तेव्हाच तसा चमचा रोवतात. एकदा सौदीत एका पंजाब्याने चुकून रोवला, त्याची दुसऱ्या साइटवर बदली झाली.”

बदली हा शब्द ऐकल्यावर बाळाला पुढचं काही ऐकू आलं नाही.

ऑगस्टातला बुधवार होता. बाहेर पन्नास अंश, आत बावीस वाट्या. बाळाने खिशात रजेचा नवा अर्ज घातला होता, म्हणजे साहेब ओरडले की लगेच पुढे करता यावा. सगळे बसले. भात आला, साहेबांनी चमचा उचलला. बाळाने मनातल्या मनात आबांची माफी मागितली, डोळे मिटले आणि स्टीलचा लांब दांड्याचा चमचा भाताच्या बरोबर मध्यावर उभा रोवला.

एका इंजिनिअरच्या जेवायच्या काड्यांतला कोबी टेबलावर पडला, तो तसाच राहिला. बाळाने एक डोळा उघडला. क्वॉनसाहेब चमच्याकडे बघत होते. त्यांचा आखूड मानेवरचा मोठा चेहरा हळूहळू कसातरी होत गेला. ते उठले. जेवण न संपवता सोजांग उठल्याचं कॅम्पाने पहिल्यांदाच पाहिलं. ते आपल्या खोलीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक लहान फोटो होता. पांढरे कपडे घातलेला, उंच काळी टोपी घातलेला एक म्हातारा. साहेबांनी तो बाळाच्या भाताच्या वाडग्यामागे टेकून ठेवला.

मग ते बोलू लागले. कमाल भाषांतर करायचा विसरला. बाळाने त्याला कोपराने ढोसलं.

“बाळा,” कमाल हळू आवाजात म्हणाला, “आज त्यांच्या वडिलांची तिथी आहे. त्यांच्या चांद्रमासाप्रमाणे. हा थोरला मुलगा, ह्यानेच भात ठेवायचा असतो. इतकी वर्षं परदेशात आहे, एकदाही ठेवला नाय. कुणाला सांगितलं पण नाय. साहेब विचारतात, तुला कसं कळलं?”

बाळाला काहीच कळलं नव्हतं. पण त्याला आपले आबा आठवले. त्यांचं श्राद्ध दोन वर्षं चुलता करत होता, आणि पान वाढल्यावर कावळा येतो की नाही हे चुलता पत्रात कधी लिहीत नसे. बाळा खिशातल्या अर्जावर हात ठेवून बसला होता. त्याने हात बाहेर काढला. अर्ज आतच राहिला.

साहेब फोटोपुढे दोनदा जमिनीला कपाळ टेकून वाकले. सात कोरियन वाकले. बाळाही वाकला, आणि नमस्कार करताना दोन म्हाताऱ्यांना केला. मग त्याने पेल्यात चहा ओतला, दोन्ही हातांनी, आणि साहेबांच्या हाती दिला.

जेवण झाल्यावर साहेबांनी बाळाचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ बोलले.

“आता काय?” बाळाने विचारलं.

कमालने घसा खाकरला. “म्हणतात, तू आजपासून धाकटा भाऊ. असल्या माणसाला तीस दिवसांची रजा देऊन परका करणार नाय. करार एक वर्षाने वाढवला. प्रोजेक्ट संपलं की दोघं मिळून तुझ्या गावाला जाणार. लग्नात साहेब स्वतः येणार.” मग स्वतःचं म्हणून त्याने जोडलं, “चमचा भातात नाय रे खुपसलास, स्वतःच्या मानेत खुपसलास.”

बाळाची शेवटची आशा सासऱ्यांच्या रागावर होती. कंट्रोलर भडकतील, तार करतील, काहीतरी धमकी देतील, ती साहेबांना दाखवता येईल. पण साहेबांनी आधीच गणपत भुवडांना पत्र धाडलं. टाईप केलेलं इंग्रजी, खाली लाल चौकोनी शिक्का, सोबत जिनसेंगच्या चहाचा डबा. ते पत्र गावात अकरा घरांत वाचलं गेलं. ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्याला शिक्का दाखवला गेला. कंट्रोलरांचं उत्तर आलं : ‘गाडी विलंबाने धावत असली तरी ती आरामगाडी असल्याचे समजल्याने प्रवाशांची तक्रार राहिलेली नाही. परदेशी मोठ्या अधिकाऱ्याचा भाऊ असलेला जावई मिळणे हे तालुक्यात प्रथमच. सावकाश यावे.’

बाळाने ते पत्र तीनदा वाचलं. जगात आता त्याची घाई कुणालाच नव्हती. एक द्वारका सोडली तर, आणि तिला विचारतो कोण?

तो गप्प गप्प राहू लागला. सकाळी वाकायचा, दिवसा ठोकायचा, संध्याकाळी गिळायचा. शुक्रवारी टेकडीवर जाऊन हाक घालायचाही तो कंटाळा करू लागला. साहेब त्याची समजूत काढत. एकदा माथ्यावर बसून त्यांनी पाकिटातून स्वतःच्या मुलीचा फोटो काढून दाखवला. मुलगी शाळेच्या गणवेशात होती. कमाल म्हणाला, “ती आता कॉलेजात आहे. ह्याच्याकडे एवढाच फोटो आहे.” बाळाने फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. साहेबांना रजा कोण देत नाही, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला.

उत्तर डिसेंबरमध्ये आलं. कोरियातल्या पैशाची किंमत कोसळली होती. मेसमधल्या टीव्हीवर कोरियन बातम्या लागत आणि कोरियन माणसं चमचे हातात धरून त्या बघत. बावीस वाट्यांच्या चौदा झाल्या, मग नऊ. एका सकाळी साडेपाचला कर्णा वाजलाच नाही. सगळे सवयीने रांगेत येऊन उभे राहिले, थोडा वेळ एकमेकांकडे बघितलं आणि वाकल्याशिवाय कामावर गेले.

त्याच दिवशी अकरा वाजता क्वॉनसाहेब एका सुटकेसनिशी केबिनबाहेर आले. कंपनीने बोलावलं होतं. त्यांच्या अंगावर कोट होता, तो त्यांना सैल होत होता. बाळा स्लॅबवरून धावत उतरला. साहेबांनी खिशातून तो लांब दांड्याचा चमचा काढला आणि पुढे धरला. बाळाने उजवा हात पुढे केला, डावा त्याच्या खाली धरला, चमचा घेतला, कपाळाला लावला. साहेब काहीतरी बोलले. या वेळी सूर्य थांबला नाही, उंटही कुठे दिसत नव्हता.

“काय म्हणाले?” गाडी सुरू व्हायच्या आत बाळाने स्टिअरिंगवरच्या कमालला विचारलं.

“म्हणाले, वफ्र्याच्या कोबीला पाणी घाल.”

आठवड्याने नवा सोजांग आला. त्याला जेवायला बारा मिनिटं लागत आणि बाळा कोण हे त्याला माहीत नव्हतं. सूचनाफलकावर कमी केलेल्या दोनशे बारा कामगारांची यादी लागली. तीस दिवसांची रजा अडीच वर्षांत मिळाली नव्हती ना? कायमची सुट्टी पाऊण तासात मिळाली. तिजोरी उघडली, पासपोर्ट निघाला, त्यावर शिक्का बसला. बसमध्ये बसल्यावर बाळाने चमचा छातीशी धरला आणि मोठ्याने हसला. शेजारचे रडत होते. त्यांना वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. कमाल विमानतळापर्यंत सोबत आला. “जा नवरदेवा,” तो म्हणाला. “माघाचा मुहूर्त धर. कोबी ठेवू नकोस जेवणात.”

जानेवारी १९९८मध्ये बाळा गुहागरला उतरला आणि घरी न जाता थेट भुवडांच्या ओटीवर गेला. द्वारका दारात आली, त्याला पायापासून कानापर्यंत बघितलं आणि म्हणाली, “आलाव? मला वाटलं, पार्सल येतंय.” आणि हसली. मग पाणी आणायला आत गेली.

गणपतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “परतीची फेरी कधी?”

“परत नाय, मामा. संपलं सगळं. सुटलो.”

“आणि ते भाऊ? शिक्केवाले?”

“ते पण गेले घरी.”

गणपतरावांनी चष्मा पुन्हा काढला.  मग त्यांनी पाणी घेऊन आलेल्या द्वारकाला आत जायला सांगितलं.

कुवेतला नोकरी असलेल्या जावयासाठी त्यांनी पावणेतीन वर्षं वाट पाहिली होती. नोकरी नसलेला मुलगा त्यांना गावातही मिळाला असता. मे महिन्यात द्वारकाचं लग्न कुवेतच्या फरवानियात राहणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनशी झालं. त्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली होती.